डबलने सर्व्हर निवडला

माझा धाकटा दीर घराबाहेर पडतो तेव्हा त्याच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. एक उघडली नाही तर दुसरी. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी. त्याचे चष्मे दोन, घड्याळं दोन, एक मनगटावर आणि एक खिशात, आणि घराच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा माझ्याकडे असतो. लग्न मात्र त्याने एकच केलं. एवढी हिंमत कुठून आली कोण जाणे.

घरात त्याला डबल म्हणतात. नाव मीच ठेवलं आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही, कारण ते त्याला शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखं बसतं. पुढे त्याच्या बायकोच्या तोंडून ते त्याच्या ऑफिसात पोचलं आणि तिथे 'डबलसाहेब' झालं. हे माझं काम नव्हे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे भाऊजी शाळेत होते आणि दप्तरातून दोन कंपासपेट्या नेत होते. त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते आणि तो मला वहिनी आणि तुम्ही. आता तो साठीला टेकलाय. नवराबायको वरच्या मजल्यावर राहतात, मी खालच्या. त्यांचं वाजलं की दोघं जिना उतरून माझ्याकडे येतात, कोण बरोबर ते विचारायला. मी निकाल देते. तो कोणीच मानत नाही, पण तेवढ्यात भांडण निवतं आणि माझा चहा संपतो.

डबल एका डोळ्यांच्या इस्पितळात कॉम्प्युटर सांभाळतो. तळमजल्यावर जिन्याखाली त्याची खोली आहे. आत वाकून शिरावं लागतं आणि आत गेल्यावर कळतं की बसायला जागाच नाही, कारण तिथे आधीच आठ जुने कॉम्प्युटर बसलेले आहेत. एक नुसत्या अपॉइंटमेंट बघतो. एक डोळ्यांच्या स्कॅनची चित्रं साठवतो, एकात भिंगांचा साठा, एकात बिलं. प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणजे एक आजारी पडला तरी बाकीचे उभे राहतात. ही पद्धत त्याचीच, आणि बरीच वर्षं ती चाललीही. मात्र बिलांच्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू होताना अडायचा. मग डबल त्याच्या बरगडीत एक थाप मारायचा आणि तो फिरायला लागायचा. "ही थाप दुसऱ्या कोणाला जमत नाही," असं तो आम्हाला छाती फुगवून सांगायचा. मला विचाराल तर यात फुगण्यासारखं काही नव्हतं.

एके सकाळी थाप चालली नाही. दिवसभर बिलं हाताने लिहावी लागली आणि संध्याकाळी इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरांनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, डबलला बोलावून घेतलं.

"एक चांगला सर्व्हर घ्या. आठही जणांची कामं त्याच्या आत घाला. हल्ली सगळीकडे तसंच करतात. कोणता घ्यायचा ते महिनाअखेरीपर्यंत सांगा. नाही जमलं तर मी हे सगळं बाहेरच्या कंपनीला देऊन टाकते. त्यांच्या सर्व्हरवर चालेल. मग ती खोलीही मोकळी होईल."

खोली मोकळी होईल म्हणजे खोलीतला माणूसही मोकळा होईल. बाई सभ्य आहेत म्हणून तेवढं बोलल्या नाहीत. या वयात डबलला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

आणि निवडायला सांगितलं कोणाला, तर ह्याला! फ्रिज घेताना त्याने इतके दिवस घेतले की निवड होईपर्यंत ते मॉडेल निघायचं बंद झालं होतं. माझी जाऊ त्या काळात रोज दूध माझ्या फ्रिजमध्ये ठेवायला खाली यायची.

त्या रविवारी माझ्या जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग पडला. वरचं टेबल आधीच भरलं होतं.

"एका दांडग्या कॉम्प्युटरच्या आत आठ कॉम्प्युटर, असंच ना?" मी विचारलं.

"खरे नाहीत, वहिनी. व्हर्च्युअल. पण प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत."

"माझ्या मुलींनाही तसंच वाटायचं." मी अर्धं आयुष्य मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. एका इमारतीत पुष्कळांना कोंबणं हा विषय मला नवा नव्हता. "मग घोळ कसला घालतोस? सगळंच थोडं बेताचं घे. सगळ्या काय एकाच वेळी आंघोळीला जातात?"

"प्रोसेसरचं तसं चालतं. एकीचं झालं की दुसरीने जायचं. पण मेमरी म्हणजे न्हाणीघर नव्हे, खाट आहे. जी आत आली तिला तिची खाट लागतेच. तुम्ही दोघींना एका खाटेवर झोपवलंत कधी?"

"एकदा. दुसऱ्या दिवशी दोघींच्या आया माझ्या ऑफिसात."

"इथे आया येत नाहीत. थेट मॅडम येतात."

"आणि ही डिस्क?"

"ती ट्रंकांची खोली. आत जागा कितीही असू दे, दार अरुंद असलं की सकाळी सगळ्यांची चेंगराचेंगरी. म्हणून डिस्क नुसती मोठी नाही, वेगवान लागते."

हे सगळं त्याला स्वच्छ कळत होतं. म्हणजे डोकं जागेवर होतं, फक्त हात पुढे होत नव्हता. मी चिडले. "मग अडलंय कुठे तुझं घोडं?"

त्याने दुसऱ्या चष्म्याने तेच माहितीपत्रक पुन्हा वाचायला घेतलं.

महिना सरत आला तेव्हा तो एक कोटेशन घेऊन खाली आला. मागून जाऊ, हाताची घडी घालून. कोटेशनमध्ये एकच सर्व्हर होता, पण केवढा! आठ जणांच्या जागी चाळीस राहिले असते.

"एवढा कशाला?" मी म्हटलं.

"लागलं तर?"

"कोणाला लागलं तर? इस्पितळ तेवढंच, डोळे तेवढेच. माणसांना तिसरा डोळा फुटणार आहे का?"

"ताई, तुम्हीच विचारा याला," जाऊ म्हणाली, "रात्री मध्येच उठून फेऱ्या का मारतो ते. त्याच्या पायी मलाही झोप नाही."

"मी फेऱ्या मारत नाही. पाणी प्यायला उठतो."

"दोन तांबे उशाशी असतात तुझ्या!"

मी हात वर करून दोघांना गप्प केलं. डबलचा चेहरा एकदम खुलला. त्याने कागदावर बोट ठेवलं. "वहिनी, हे बघा ना. याच्या आत पॉवर सप्लाय दोन. एक जळला तरी दुसरा चालू. नेटवर्कच्या तारा दोन. डिस्कसुद्धा जोडीने, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटतं."

मी ते पान हातात घेऊन पाहिलं आणि मला हसू आवरेना. "अरे, म्हणजे जगभर तुझेच भाईबंद कारखाने काढून बसलेत! आणि आम्ही उगाच तुला वेडा म्हणत होतो."

तोही हसला. मग मी सहज विचारलं, "आणि तो मुख्य बोर्ड, ज्यावर हे सगळं बसवतात? तोही दोन?"

हसू मावळलं. "मदरबोर्ड एकच असतो."

"तो गेला तर?"

"तर आठही जण एकदम गेले. आधी निदान एकेक जायचा."

"मग झोप कशी येईल तुला! सरळ दोन सर्व्हर घे. इतका मोठा एक घेण्यापेक्षा बेताचे दोन."

तो बराच वेळ कोटेशनची घडी घालत राहिला. त्या घडीचीही घडी घातली. "दोन मागितले तर मॅडम हसतील. सगळेच हसतील. म्हणतील, डबलसाहेबांनी शेवटी डबलच आणलं. आणि मग देतील बाहेरच्या कंपनीला."

जाऊने कपबशा उचलल्या.

दुसऱ्याच दिवशी माझी तपासणी होती. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू त्याच इस्पितळात काढला होता आणि डावा बाकी होता. डबल मला घेऊन गेला. एका खिशात माझ्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली, दुसऱ्या खिशात त्याच औषधाची दुसरी, न फोडलेली. कोटेशन पिशवीत, छत्र्यांच्या मध्ये. ते त्याच दिवशी द्यायचं होतं.

तपासणीच्या खोलीत शिरताच मी मॅडमना सुनावलं. "दोन्ही डोळे एकाच दिवशी उरकले असते तर काय बिघडलं असतं? मला पुन्हा पुन्हा हेलपाटे मारायला वेळ नाही."

"हनुवटी इथे टेकवा," मॅडम म्हणाल्या. त्या यंत्राला हनुवटीसाठी एक टेकू असतो आणि कपाळासाठी एक पट्टी. तिथे डोकं अडकवलं की समोरून झगझगीत प्रकाश डोळ्यात येतो. "आजी, आम्ही दोन्ही डोळे एकाच दिवशी करत नाही. ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी एखाद्या डोळ्यात काही उद्भवू शकतं. तेव्हा दुसरा डोळा शाबूत हवा ना? एकावर माणूस निभावून नेतं. हळू चालतं, पण चालतं."

मला तत्क्षणी जे सुचलं ते बोलायला मी तोंड उघडलं.

"बोलू नका. हनुवटी हलते."

मी पुन्हा प्रयत्न केला.

"आजी! एक मिनिट."

सत्तरीपुढच्या बाईला गप्प बसवणारं यंत्र कोणी बनवलं असेल त्याला माझा नमस्कार. डोकं पट्टीत, डोळ्यात उजेड, आणि तोंडात आलेलं वाक्य तसंच. मी टेबलाखालून हात हलवून डबलला खूण केली. त्याला वाटलं मला थेंब हवेत. त्याने बाटली पुढे केली. मी ती ढकलली. त्याने दुसरी पुढे केली.

मग एकदम त्याचा हात थांबला. बाटली खिशात गेली, हे मला दिसलं नाही, पण ऐकू आलं.

"मॅडम, सर्व्हरचंही तसंच आहे."

"काय तसंच?"

"एक नको. दोन हवेत."

कोपऱ्यातली नर्स फिस्सकन हसली. मॅडमनी डोळा भिंगावरून काढला नाही. "डबलसाहेब, सकाळी फोनवर तुम्ही एकच म्हणालात."

"हो. घाबरून म्हटलं."

"कोणाला घाबरून?"

"आता त्या हसल्या ना, त्याला."

नर्सचं हसू गळ्यातच राहिलं. मॅडम मागे सरकल्या, पण माझी सुटका करायची विसरल्या. "बाहेरच्या कंपनीकडेही दोन असतील की."

"असतील. पण आपली स्कॅनची चित्रं जड असतात. बाहेरची लाइन तुटली की डोळ्यात औषध घालून बसलेला पेशंट तसाच बसून राहणार. आणि लाइन महिन्यातून एकदा तरी तुटते, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"मग दोन, पण एवढे अवाढव्य नाहीत. मला परवडायला हवेत."

त्याचं 'लागलं तर' आता येणार, असं मला न बघताही कळलं. माझ्या जिभेवर वसतिगृहाचं वाक्य होतं, एका बाजूची दुरुस्ती निघाली तेव्हा साऱ्या मुली दुसऱ्या बाजूला नेल्या होत्या त्याचं. पण हनुवटी टेकूवर.

"मेमरी दोन्हींत पुरती हवी," तो सावकाश म्हणाला. "एक बंद पडला की आठही जण दुसऱ्याकडे जाणार, तेव्हा खाटा सगळ्यांना लागतील. म्हणजे, मेमरी. डिस्क वेगवान हव्यात. प्रोसेसर मात्र लहान चालतील. दुरुस्ती होईपर्यंत रांग लागेल, पण काम होईल. पुढच्या दहा वर्षांची म्हणून जी जागा धरली होती, ती काढतो."

"सगळी?"

"सगळी," डबल म्हणाला. हा शब्द त्याने आयुष्यात प्रथमच वापरला असावा.

मॅडमनी निकाल दिला. "उद्या नवीन कोटेशन आणा. तुम्ही बसवणार, तुम्हीच बघणार. कंपनीला मी 'नको' म्हणून कळवते. आजी, तुम्ही अजून तशाच? सोडा ते. डोळा उत्तम आहे."

"तुमचं त्याच्याकडे लक्ष होतं, डोळ्याकडे नाही," मी म्हटलं. एवढ्या वेळाने तोंड उघडल्यावर काहीतरी बोलायलाच हवं होतं.

सर्व्हर आले, बसले, आठही बिऱ्हाडं आत गेली. जिन्याखालच्या खोलीत आता एक खुर्ची मावते. डबलने दोन ठेवल्या आहेत.

परवा वरून आवाज यायला लागले आणि पाठोपाठ दोघं जिना उतरून आली. जाऊ म्हणत होती, सगळं नवीन आलं तरी याने एक जुना कॉम्प्युटर टाकला नाही, उलट उगाच चालू ठेवलाय.

"ज्याला थाप मारायचास तो?" मी विचारलं.

"तो भंगारात दिला," डबल म्हणाला. "हा अपॉइंटमेंटवाला, धडधाकट आहे. आणि उगाच नाही. दोन सर्व्हरमधली तार तुटली तर दोघांनाही वाटतं दुसरा मेला. मग दोघंही एकच काम करायला घेतात आणि सगळा विचका होतो. म्हणून तिसरा लागतो, साक्षीला."

"तो काय काम करतो?"

"काहीच नाही. दोघांकडे लक्ष ठेवतो आणि वेळ आली की एकाच्या बाजूने मत देतो."

"आणि एवढ्यासाठी दिवसभर चालू?"

"बघा ना, ताई!" जाऊ म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, डबलकडे पाहिलं, आणि पदर तोंडाशी नेऊन हसत सुटली.

मी निकाल डबलच्या बाजूने दिला आणि दोघांनाही वर हाकललं. चहा निवत होता.