डावीकडून फाडलेला शर्ट

एगॉन टाउबनर ट्युनिसला आमच्याकडे आला तो तीन महिन्यांसाठी. व्हिएन्नातून निसटलेला, आमच्यासारखाच ज्यू, एकोणीस वर्षांचा. पुढच्या देशाचा परवाना मिळेपर्यंत थांबायचं, एवढंच ठरलं होतं. परवाना आला नाही. तीन वर्षं तो गल्लीतल्या शिंप्याकडे इस्त्री करत राहिला आणि माझा भाऊ फ्राजी याच्या खोलीत झोपत राहिला. पिशवी त्याने कधी पूर्ण रिकामी केली नाही. बाप नाझींच्या छावणीत मेला होता, राख टपालाने घरी आली होती. भावंडं नव्हती. आई मागेच राहिली होती.

"हा इस्त्री करत नाही, आजाऱ्याचं अंग शेकतो," शिंपी म्हणायचा. कापडाला तो खरोखरच तसा हात लावायचा.

बेचाळीसच्या नोव्हेंबरात जर्मन उतरले. ज्यांच्यापासून तो समुद्र ओलांडून पळाला होता, तेच आमच्या चौकात उभे राहिले. डिसेंबरात ज्यू पोरांना मजुरीला पाठवायच्या याद्या सुरू झाल्या. फ्राजी पहिल्याच यादीत गेला, विमानतळावर खड्डे भरायला. तिथे रोज बॉम्ब पडत. जानेवारीत एगॉनचं नाव निघालं. मोजणी जर्मन शिपाई करत. आमची पोरं त्यांच्या लेखी नुसती मजूर होती. याने तोंड उघडलं असतं, तर त्यांचीच भाषा बाहेर पडली असती, आणि मग खड्डे भरायला ठेवलं नसतं, पळून आलेला म्हणून थेट छावणीत धाडलं असतं.

डोंगराकडच्या झगुआन गावचा कोळसेवाला सालाह त्याला गाडीत पोत्यांखाली घालून आपल्या गावी न्यायला तयार होता, पण पुढच्या रविवारी. मधले सात दिवस काढायचे होते.

"सुतक धर," आई म्हणाली.

आमच्यात सुतकी माणूस सात दिवस उंबरा ओलांडत नाही. जर्मनांसाठी याद्या करणारा बिशी आमच्यातलाच, आमच्याच गल्लीतला. सुतकाच्या घरातून तो कोणाला उचलत नसे. तेवढी लाज त्याने शिल्लक ठेवली होती.

"कोणाचं सुतक?" एगॉनने विचारलं.

आईबाप, भावंडं, बायको, मुलं, एवढ्यांचंच धरतात. त्याच्याकडे एकच माणूस उरलं होतं.

"नाही. ती जिवंत आहे. माझ्या तोंडाने मारू तिला?"

"शेवटचं पत्र कधी आलं होतं रे?"

"मावशी, नाही म्हणजे नाही."

"बरं. मग मी सुतकाला बसते. फ्राजी गेला म्हणून सांगते."

ती उठली आणि भिंतीवरचा आरसा, सुतकात करतात तसा, पालथा करायला लागली. आरसा खिळ्यावर वाजत होता. एगॉनने तिच्या हातातून तो काढून घेतला, स्वतः पालथा केला.

"शर्ट कुठून फाडायचा?"

"डावीकडून. काळजावर. आईबाप गेले की तिथेच फाडतात." तिने फ्राजीचा जुना शर्ट पुढे केला.

"त्याचा नको," तो म्हणाला आणि पिशवीतून आपला काढून घातला. निघण्याआधी त्याच्या आईने त्याची झिजलेली कॉलर उसवून उलटी बसवली होती. फाडायला त्याची बोटं तयार होईनात. मी कात्रीने चीर दिली. मग त्याने ओढलं.

बायका आल्या. कधी न पाहिलेल्या बाईसाठी गालांवर नखं ओढून रडल्या. "नाव काय रे तिचं? रांधायची काय?" तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "रेगीने. बटाट्याच्या गोळ्यात जर्दाळू घालून उकडायची."

"ई! बटाट्यात जर्दाळू?" शेजारची म्हातारी झेझा म्हणाली. "तरीच हा असा वाळका!"

सगळ्या हसल्या. तोही हसला, आणि मग जे रडू लागला ते थांबेना. झेझाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. यात खोटं काय उरलंय, हे मला कळेनासं झालं.

चौथ्या दिवशी बिशी आला. जमिनीवर बसला, एक ऑलिव्ह खाल्लं. "कधी गेली?"

"कळलेलं नाही," एगॉन म्हणाला.

"आणखी तीन दिवस. रविवारी सकाळी येतो मी."

"ये," आई म्हणाली. "सुतकाचं उकडलेलं अंडं ठेवते तुझ्यासाठी. तुझ्या घरी कोणी मेलं नाही ना अजून?"

बिशी खाली बघत निघून गेला. त्या आठवड्यात एगॉनच्या जागी कोण गेलं, ते आम्ही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

रविवारी उजाडता उजाडता सालाहची गाडी दारात लागली. आई सुई ओवून उभी होती. "आण तो शर्ट, शिवते. आईबापांचा फाडलेला पुन्हा शिवत नाहीत, पण हे खोटंच होतं."

एगॉनने चिरेवर हात ठेवला. "राहू दे," म्हणाला आणि पोत्यांखाली शिरला.

मे महिन्यात जर्मन गेले. फ्राजी परतला, एका कानाने बहिरा होऊन. एगॉनचं पत्र सत्तेचाळीस साली आलं, माझ्या नावाने.

"आईला बेचाळीसच्या जूनमध्ये छावणीच्या आगगाडीत घातलं. पुढे कागद नाही, दिवस नाही. तिच्या नावाने वर्षाचा दिवा कोणत्या तिथीला लावू, मेइहा? मी शर्ट फाडला, त्या दिवशी आपल्या पंचांगात काय होतं?"

मी आईला वाचून दाखवलं. तिला आठवावं लागलं नाही.

"शेवात महिन्याची चौथी," ती म्हणाली. "आणि लिही, ती मी निवडली नव्हती. बिशीच्या यादीने निवडली."

मी नुसती तिथी लिहिली.