अव्वल गड्याचं कडं

ताडकळसच्या पेठेत मन्मथअप्पांचं खण-लुगड्यांचं दुकान होतं. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं ते कापडामुळं नव्हे, विटीदांडूमुळं. एकोणीस वर्षांचे असताना परभणीच्या गड्यांविरुद्ध त्यांनी जमिनीलगत एक झेल घेतला होता. सारं गाव नाचायला लागलं, आणि अप्पा विटी खाली ठेवून म्हणाले, टप्पा पडला होता. ताडकळस तो डाव हरलं. पंधरा दिवस त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. मग हळूहळू जिथं डावात भांडण पेटेल तिथून बोलावणं यायला लागलं, की अप्पांना आणा, ते खरं सांगतील. पुढं गुडघे कुरकुरायला लागले आणि खेळणं सुटलं; पंचगिरी मात्र चिकटली ती चिकटलीच.

गावात महाशिवरात्रीला जत्रा भरे आणि दुसऱ्या दिवशी देवळामागच्या मैदानावर विटीदांडूचा मोठा मुकाबला होई. राज्य निजामाचं. माणसं जमवायची तर तहसिलातून इजाजत आणावी लागे. शाळेतले दिनकरराव मास्तर दरसाल उर्दूत अर्ज लिहून ती आणत. देखरेखीला चौकीतला एक जवान येई आणि पहिल्या टोल्यानंतर देखरेख विसरून ओरडायला लागे.

त्रेचाळीस सालच्या मुकाबल्याला जिंतूरचे सात गडी दोन बैलगाड्या करून आदल्या दिवशीच येऊन उतरले होते. त्यातच परभणीला कापसाचा व्यापार करणाऱ्या बसवंतरावांनी चांदीचं एक कडं पाठवलं होतं. जिंकणाऱ्या गावाला फेटे मिळतच. हे कडं एकट्यासाठी होतं, साऱ्या मैदानात जो अव्वल ठरेल त्या एका गड्यासाठी. असं इनाम आजवर कुणी ठेवलं नव्हतं. ते कुणाला द्यायचं हे तिघांनी ठरवायचं होतं: गावचे मालीपाटील आबासाहेब, दिनकरराव मास्तर आणि मन्मथअप्पा.

खेळ साधाच. एका बाजूनं टोले मारायचे, दुसरीनं मैदानात पसरून विटी अडवायची. हवेत झेलली की मारणारा बाद. झेलली नाही, तर ती थांबली तिथपासून दांडूनं मोजत यायचं. जितके दांडू तितके गुण.

आधी जिंतूरचा डाव झाला. त्यांचे गडी तगडे होते, पण शिवाप्पा नावाच्या ताडकळसच्या पोरगेल्या गड्यानं त्यांना जेरीस आणलं. डाव्या अंगाला बाभळींच्या कडेनं तो असा पळत होता की धोतराचा सोगा सुटला तरी त्याला भान नव्हतं. त्यानं चार झेल घेतले. शेवटचा तर काट्यांत आडवा पडून. अप्पांची छाती फुगली, कारण शिवाप्पा त्यांच्या बहिणीचा, मनकर्णाचा मुलगा. पण ते पंच होते. त्यांनी ओठ मिटून घेतले.

मग ताडकळसचा डाव. व्यंकटराव दांडू घेऊन आला आणि मैदानाचा नूरच पालटला. त्याचा एक टोला दीपमाळेवरून गेला, दुसरा देवळाच्या ओट्यावर पडला. शेवटी जिंकायला चाळीस दांडू हवे होते आणि हाच एक गडी उरला होता. त्यानं विटी उडवली, हवेतच एकदा हलकी टोलवली, आणि मग असा फटका दिला की ती दिसेनाशी झाली. मोजली तेव्हा बहात्तर दांडू भरले. लोकांनी त्याला उचलला. पोलीस जवानानं आपला रुमाल काढून हवेत उडवला.

आणि तिथून खरा दंगा सुरू झाला.

आबासाहेब म्हणाले, यात विचार कसला करायचा, कडं व्यंकटरावाचं. त्यानं जिंकून दिलं. मास्तरांनी मान हलवली. शिवाप्पानं चार गडी बाद केले नसते तर जिंतूरचे गुण दुप्पट झाले असते, मग व्यंकटरावाच्या फटक्याला विचारतं कोण, असं त्यांचं म्हणणं. आबासाहेब तापले. मास्तरांनी वाळूत काडीनं हिशेब मांडला, आबासाहेबांनी तो जोड्यानं पुसला. तोवर जत्रेतली माणसं दोन्हीकडं वाटली गेली होती. रेवड्यावाला व्यंकटरावाचा, हलवाई शिवाप्पाचा. नवरा एका बाजूचा, बायको दुसऱ्या बाजूची. जवानानं दोनदा मत बदललं. ज्यानं उभ्या जन्मात दांडू धरला नव्हता तोही हातवारे करून झेल कसा घ्यावा ते सांगत होता.

एक मत इकडं, एक तिकडं. सगळे अप्पांकडं बघायला लागले.

अप्पा पेचात पडले. शिवाप्पा म्हणावं तर लोक म्हणणार, भाचा आहे ना. त्या भीतीनं व्यंकटराव म्हणावं तर तोही खोटेपणाच. आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाच उमगत नव्हतं. दोघांचीही बाजू पटत होती, आणि तरी काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटत होतं. ते म्हणाले, जरा पाणी पिऊन येतो.

मैदानाच्या उजव्या टोकाला दगडाबाई कुंभारीण मडकी मांडून बसायची. अप्पांनी तिथं तांब्याभर पाणी घेतलं आणि सहज विचारलं, औंदा किती फुटली? दगडाबाई खुशीत होती. ती म्हणाली, "एकबी न्हाई, अप्पा. दरसाली तीन-चार तरी फुटत्यात. आपली पोरं मडकी बघून मारत्यात, अन् औंदा जिंतूरवाल्यांची एक इटी इकडं आली न्हाई."

अप्पांचा तांब्या ओठांशीच थांबला.

उजवीकडं उताराची मोकळी जमीन होती. तिकडं विटी पडली की घरंगळत लांब जायची, म्हणून जो तो तिकडंच मारायचा. डावीकडं बाभळी, खडक, चढ. मग जिंतूरच्या शहाण्या गड्यांनी दिवसभर डावीकडं का मारलं?

अप्पांनी उजव्या अंगाला कोण उभं होतं ते आठवून पाहिलं. लिंबाजी. आठ एकराचा कुणबी, चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. त्याच्या नावावर एक झेल नव्हता आणि टोलाही बेताचाच. उरलेले सहाजण डावीकडं दाटीनं उभे राहू शकले, कारण उजवीकडं तो एकटाच पुरेसा होता. गुडघ्यांची कुरकूर विसरून अप्पा जवळजवळ पळतच परत आले.

त्यांनी गलका थांबवला आणि जिंतूरच्या म्होरक्याला, रखमाजीला पुढं बोलावलं. हरलेल्या गड्याला कशाला विचारायचं, असं आबासाहेब म्हणाले. अप्पा म्हणाले, समोर जो उभा होता त्यालाच ठाऊक, कुणाची धास्ती वाटली ते.

"रखमाजी, खरं सांगा. उजवीकडं का मारलं न्हाई?"

रखमाजी ओशाळला. त्यानं आपल्या गड्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "तिकडं लिंबाजी हुता. गेल्या साली बोरीला त्यानं आमचे पाच गडी झेलून बाद केले. येतानाच गाडीत ठरलं हुतं, काय बी हू दे, त्याच्याकडं इटी घालायची न्हाई."

एकदम पुन्हा गलका उठला, आधीपेक्षा दुप्पट. आता भांडणाला तिसरी बाजू फुटली होती. ज्यानं विटीला हात लावला नाही तो अव्वल कसा, असं अर्धे विचारत होते. अर्धे डोक्याला हात लावून, हे आपल्याला दिसलं कसं नाही, म्हणत होते. मास्तर लिंबाजीकडं वळले. शिवाप्पाकडं चार झेल आले कुठून, हे आता समजलं, असं ते म्हणाले. आबासाहेब मात्र हटले नाहीत. तरी अप्पा आणि मास्तर मिळून दोन मतं झाली होती आणि फैसला लागला होता.

लिंबाजीला शोधायला माणसं धावली. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला होता. आपण दिवसभर नुसते उभे राहिलो, गावाच्या काही उपयोगी पडलो नाही, याचंच त्याला वाईट वाटत होतं. त्याला धरून आणला तेव्हा आपल्या हातून काय गुन्हा झाला ते त्याला कळेना. अप्पांनी कडं पुढं केलं.

"अप्पा, म्या तर कायबी केलं न्हाई," तो म्हणाला.

"तुमी हुता," अप्पा म्हणाले, "त्यातच सगळं आलं."

लिंबाजीनं कडं घेतलं, आणि हातात घालायचं सोडून दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्याची बायको बायनाबाई बायकांतून पुढं आली, तिनंच ते त्याच्या मनगटात चढवलं. तेवढ्यात जिंतूरच्या गड्यांनीच त्याला खांद्यावर घेतला. व्यंकटराव क्षणभर बाजूला घुटमळला, मग हलगीवाल्याला म्हणाला, वाजव की, बघतोस काय.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मनकर्णा महिनाभर भावाच्या दारात आली नाही. शिवाप्पा तर मामाच्या दुकानावरून जाताना मुद्दाम मान वळवून जाई. अप्पांना ते लागत असे, पण फैसल्याचा पस्तावा त्यांना कधी झाला नाही. दुकानात गिऱ्हाईक बसलं की लुगडं बाजूला राही आणि वाद सुरू होई. अप्पा त्यात तिप्पट उत्साहानं पडत.

दुसऱ्या साली बसवंतरावांनी पुन्हा कडं पाठवलं, जिंतूरवालेही पुन्हा आले, आणि या खेपेला ईर्षेनं उजवीकडंच मारत सुटले. लिंबाजीनं दोन झेल घेतले आणि तीन सोडले. दगडाबाईची पाच मडकी फुटली, ताडकळस हरलं. आबासाहेब अप्पांजवळ येऊन म्हणाले, बघा, हाच का तुमचा अव्वल? अप्पा हसले. ते कडं गेल्या सालचं होतं, म्हणाले. औंदाचं कुणाला द्यायचं ते बोला. आबासाहेबांनी लागलीच जिंतूरच्या एकाचं नाव घेतलं, मास्तरांनी दुसऱ्याचं, आणि तिघंही तिथंच, उन्हात, मांडी ठोकून बसले.