खणीकाठचा कट्टा

निशा कुरणेच्या शाळेच्या पुस्तकांना कधी खाकी कव्हर मिळालं नाही. तिचे वडील भाऊसो शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरायच्या कामाला होते. तिथं जुनी झालेली ड्रॉइंगं रद्दीत निघत. निळ्या रेघांचे, उग्र वासाचे मोठाले कागद. भाऊसो ते घडी घालून डब्याच्या पिशवीतनं घरी आणत आणि दर जूनला निशाची आई सोनूबाई त्यांची कव्हरं घालून देई. त्यामुळं निशाच्या इतिहासाच्या पुस्तकावर मधोमध उभा चिरून दाखवलेला पंप असे आणि भूगोलावर एखादी पुली. वर्गात बाई सनावळ्या सांगू लागल्या की निशा त्या रेघांतनं हिंडून येई.

"आबा, ही तुटक तुटक रेघ कशाची?" तिनं एकदा विचारलं.

"आत हाय, पर भायेरनं दिसत न्हाय, त्याची," भाऊसो म्हणाले.

निशाला हे फार आवडलं. तिनं लगेच पाटीवर आपलं घर उभं चिरून काढलं. पत्रा, पत्र्यावरचे दगड, कॉट, आणि कॉटखालच्या ट्रंका तुटक रेघांनी. सोनूबाईनं पाटी हातात घेऊन बघितली.

"ह्यात मी कुठं हाय गं?"

"तू खणीवर धुणं धुवायला गेलीयास," निशा म्हणाली.

ते काही खोटं नव्हतं. कुरण्यांची वस्ती कोल्हापूरच्या कडेला, हायवेपासून आत माळावर होती. मागं दगडाची जुनी खण. दगड काढणं कधीच थांबलं होतं, खड्ड्यात बारमाही पाणी साठलं होतं आणि वस्तीतल्या बायकांचा निम्मा दिवस त्या पाण्याच्या काठावर जाई. उतार सरळसोट, पायाखाली शेवाळ. पण सुखदुःख बोलायला बायकांना तेवढीच एक जागा, त्यामुळं तक्रार कुणी केली नाही.

निशा नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत इचलकरंजीला विठाबाई मावशीकडं गेली. काका यंत्रमागावर. त्यांना कुठल्याशा योजनेत नवीन घर मिळालं होतं, स्लॅबचं. सगळ्या नातेवाइकांत त्या घराचं कौतुक. निशा चार दिवस राहिली आणि गोंधळून गेली. काका रातपाळी करून आले की दिवसा झोपायचे, पण झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी रस्त्यावर. स्वयंपाकाच्या कोपऱ्याला खिडकीच नव्हती, म्हणून मावशी स्टोव्ह घेऊन जिन्यात बसायची.

"मावशी, हे घर कुणी काढलं?"

"काढलं म्हंजे? आर्किटेक्ट असतोय त्यानं."

"त्यानं तुला इचारलं न्हाय व्हय, चूल कुठं ठेवू म्हणून?"

मावशी फोडणीच्या धुरातनं हसली. "मला कोण इचारतंय बाई?"

परत येताना एसटीत निशानं ठरवून टाकलं की आपण आर्किटेक्ट व्हायचं आणि विचारायचं. हा शब्द नीट लिहायला तिला पुढं वर्षभर लागलं, पण ठरलं ते ठरलं. घरात तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. थोरला भाऊ संघर्ष दहावीनंतर वेल्डिंगच्या दुकानात लागला होता. तो म्हणाला, "तू शीक. नापास झालीस तर दुकानात ये, मी शिकवतो."

निशा नापास झाली नाही. दोन हजार दोन साली बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी सुटली आणि कोल्हापुरातच आर्किटेक्चरला तिचा नंबर लागला. भाऊसोंनी वस्तीभर पेढे वाटले. मात्र पेढ्याबरोबर जी बातमी फिरली ती जरा वेगळी झाली. तिसऱ्याच दिवशी शेजारचे गुंडूतात्या उसाचं एक पिवळं पडलेलं पान घेऊन दारात उभे राहिले.

"निशे, जरा बघ की. मेहुण्याच्या उसाला काय झालंय कळंना."

"तात्या, मला उसातलं काय कळतंय?"

"मग अॅग्रीकल्चरला काय भांडी घासाय चाललीयास?"

निशानं त्यांना बसवून समजावलं. घरं, शाळा, दवाखाने कसे असावेत ते ठरवायचं शिक्षण. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान खिशात घातलं आणि म्हणाले, "गवंडी म्हण की सरळ. पर पोरी, एवढी पाच वर्सं?"

पाच वर्षं खरंच होती, आणि पहिल्या आठवड्यातच अडचण आली. कॉलेजच्या शीटा पसरायला घरात जागा नव्हती. कॉट काढली तर दार उघडत नव्हतं. संघर्षनं तरुण मंडळाच्या पोरांशी काहीतरी बोलणी केली आणि बुद्धविहारातला कॅरम बोर्ड निशाच्या ताब्यात आला. मोठी शीट त्यावर जेमतेम मावे. संध्याकाळी पोरं भोवतीनं बसून राहत, तिचं काम कधी संपतंय आणि आपला डाव कधी लागतोय याची वाट बघत. "निशाताई, राणी अडकलीय तुझ्या बंगल्याखाली," असं म्हणून हसत. कुणी रेघेवर हात ठेवला तर मात्र संघर्षचा आवाज चढे.

कॉलेजात तिची मैत्री जमली आदितीशी. आदिती गुजरीजवळच्या जैन व्यापारी घरातली. तिलाही वर्गातल्या बिल्डरांच्या पोरांच्या गप्पा कळत नसत, म्हणून दोघी एका बाकावर. आदिती पहिल्यांदा वस्तीत आली तेव्हा सोनूबाईनं तिच्यासाठी कांदा-लसूण न घालता आमटी केली. आदितीनं तीन वाट्या संपवल्यावर सोनूबाई निशाला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला रोज आण. तू तर माझ्या आमटीला नाकं मुरडतीस."

तिसऱ्या वर्षाला इंगवले सरांनी काम दिलं: एक सार्वजनिक जागा काढा, कुठलीही. कुणी मल्टिप्लेक्स घेतलं, कुणी पन्हाळ्यावर रिसॉर्ट. निशाच्या मनात वाचनालय होतं. पण त्याच आठवड्यात अंबूबाई खणीवर घसरल्या.

अंबूबाई म्हणजे वस्तीतलं वयानं मोठं माणूस आणि सगळ्यात मोठा आवाज. बुचकन पाण्यात गेल्या. सोनूबाईनं भिजलेलं लुगडं त्यांच्याकडं फेकलं, ते धरून चौघींनी त्यांना वर ओढलं. मनगट मोडलं, बाकी काही नाही. प्लास्टर घालून आल्यावर अंबूबाई ज्याला त्याला सांगत होत्या, "मी आलो वर, पर माझा नवा साबण गेला की खाली. माशांची लग्नं हायत वाटतं."

सगळे हसले. निशाही हसली. घरी आल्यावर मात्र तिला आईचे पाय दिसू लागले, त्याच शेवाळावर.

सोमवारी तिनं सरांना सांगितलं, "सर, मी धुणं धुवायची जागा काढणार."

इंगवले सर चष्म्यावरनं बघत म्हणाले, "हे फार लहान होतंय, कुरणे."

"आमच्या वस्तीतली प्रत्येक बाई तिथं रोज असते, सर. वाचनालयात कोण येईल मला माहीत नाही."

"बरं," सर म्हणाले. "पण मग लहान म्हणून मार्क मागायचे नाहीत."

आदिती आणि निशा टेप घेऊन वस्तीत हिंडू लागल्या. बाई बसते किती उंचीवर, वाकते किती, पिळताना हात कुठवर जातो, सगळं मोजायचं. बायकांची हसून हसून पुरेवाट.

"ब्लाउजाचं माप घेतीस काय गं?" सोनूबाई हात वर करून उभी राहत म्हणाली. "घे तर नीट घे. गेल्या टायमाला शिंप्यानं घट्ट केलाय."

मापं मिळाली, पण मतं जुळेनात. निशाला वाटलं होतं, विचारलं की झालं, वस्ती सांगेल आणि आपण काढू. प्रत्यक्षात निम्म्या बायकांना बसून धुवायचं होतं, निम्म्यांना उभ्यानं. कुणाला सावली हवी, कुणाला ऊन. कुणी म्हणे खणीकडं तोंड हवं, कुणी म्हणे घराकडं, चुलीवर दूध असतंय. आणि दोन जावा होत्या, ज्यांचं वाटणीवरनं बोलणं बंद होतं, त्या दोघींनी वेगवेगळं येऊन एकच गोष्ट सांगितली: "तिच्याशेजारी मला दगड नगो."

"काय करूया?" आदितीनं विचारलं.

"आपणच ठरवायचं," निशा म्हणाली. "मग शिव्या बी आपणच खायच्या."

तिनं अर्धगोल काढला. मधोमध बसून धुवायला बुटके दगड, कडांना चढत जाणारे उंच दगड, गुडघे दुखणाऱ्यांना उभ्यानं धुता यावं म्हणून. आत हौद, वर पत्र्याची निम्मी सावली. दोन्ही जावांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांना दोन टोकं दिली, एकमेकींपासून लांबात लांब. अर्धगोलाची दोन टोकं समोरासमोर येतात, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मॉडेलभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "हे बांधणार कोण?" मॉडेल उचलून आणायला सोबत आलेला संघर्ष दारातनं म्हणाला, "आम्ही की."

तो बोलून गेला आणि वस्तीनं ते मनावर घेतलं. खणीभोवती जुने दगड पडलेलेच होते. पंचायतीनं हौदापर्यंत पाइप आणून दिला. इंगवले सरांनी नकाशा तपासून त्यावर सही केली. उन्हाळाभर रविवारी काम चाललं. संघर्ष आणि मंडळाच्या पोरांनी छपराचा सांगाडा जोडला, भाऊसोंनी फौंड्रीतल्या सोबत्यांना बोलावलं, बायकांनी पाट्या वाहिल्या. अंबूबाई एका हातानं काही उचलू शकत नव्हत्या, म्हणून त्यांनी मुकादमकी घेतली. सर एका रविवारी स्कूटरवरनं बघायला आले, तर अंबूबाईंनी त्यांना ओळख न विचारता सांगितलं, "पावणं, नुसतं उभं ऱ्हाऊ नगासा. त्यो दगड तेवढा इकडं सरकवा."

सरांनी सरकवला.

पावसाच्या तोंडावर कट्टा पुरा झाला. पहिल्या दिवशी सगळ्या वस्तीनं एकदमच धुणं काढलं. आणि तासाभरात गुंडूतात्यांची आरोळी आली. साबणाचं पाणी मागच्या शोषखड्ड्यात जायचं सोडून त्यांच्या गोठ्यात शिरलं होतं. म्हैस गुडघाभर फेसात उभी होती आणि अजिबात हलायला तयार नव्हती.

"निशे," तात्या म्हणाले, "म्हस धुतलीस ते बरं केलंस. आता पावडर बी लाव."

सगळे हसत होते, पण निशाच्या कानशिलात आग झाली. गटाराचा उतार तिनंच काढला होता. एका कोपऱ्यातली जमीन सखल आहे हे मोजायचं राहून गेलं होतं. ती घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. मला यातलं काही येत नाही, मी उगंच सगळ्यांना कामाला लावलं, असं आईला सांगितलं. भाऊसो पाळीवरनं आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं.

"आमच्याकडं माल बिघडला तर काय करत्यात म्हाईत हाय का?" ते शर्ट काढत म्हणाले. "फोडत्यात, वितळवत्यात, परत वतत्यात. बिघडला म्हणून फौंड्री बंद करत न्हाईत. च्या पी आणि चल."

दुसऱ्या दिवशी निशा, आदिती आणि संघर्षनं गटार उखडलं. ह्या वेळी निशानं पाणी भरलेली नळी धरून, तिच्यातल्या पातळीवरनं हात-हात अंतरावर उतार तपासला. गुंडूतात्या बादली घेऊन बसले होते. ते पाणी ओतत आणि कुठं जातंय ते मोठ्यानं सांगत. पाणी शोषखड्ड्याकडं वळलं तेव्हा त्यांनी तिथं केळीची दोन रोपं आणून लावली.

कट्टा चालू झाला. समोरासमोर आलेल्या त्या दोघी जावा पहिला महिनाभर माना खाली घालून धूत राहिल्या. मग एकीचा साबण संपला. ती अंबूबाईंना म्हणाली, "तिला इचारा, बार देती का." समोरनं साबणाची वडी आली. दोघी अजून सरळ बोलत नाहीत, पण अंबूबाईंमार्फत बरंच काही चालतं, आणि मधल्या निरोपात अंबूबाई पदरचं घालत असल्यामुळं सगळ्या बायकांची करमणूक होते.

निशा दोन हजार सात साली पास झाली. पदवीच्या कार्यक्रमाला आई-आबा दोघं गेले. सोनूबाई नवीन साडी नेसली आणि सभागृहात बसल्या बसल्या तिनं निशाच्या कानात सांगितलं की इथं मागच्या बायकांना काही दिसत नाही, हे कुणी काढलंय ते बघून ठेव.

निशा शहरातल्या एका आर्किटेक्टकडं नोकरीला लागली. दिवसभर बंगले आणि दुकानांचे गाळे काढायचे. तिला ते काम आवडे, त्यात शिकायला होतं. पण मनात दुसरा हिशेब चालू होता. स्वतःचं ऑफिस घ्यायचं, ते तळमजल्यावर असावं, बायकांना पिशव्या-पोरांसकट आत येता यावं, आणि ज्यांना कुणी कधी विचारलं नाही त्यांना आधी विचारावं. आदिती म्हणायची, "मी भागीदार. पण माझ्या टेबलाला खिडकी पाहिजे."

वर्षभरानं कागलजवळच्या एका गावातनं दोन बायका वस्तीत आल्या. त्यातली एक अक्काताई, बचत गटाची अध्यक्ष. पाहुणी म्हणून वस्तीत आली असताना तिनं कट्टा बघितला होता. गटाला बसायला खोली बांधायची होती, पंचायतीनं जागा दिली होती.

"तुम्हीच निशाबाई व्हय?" अक्काताई म्हणाली. "मला वाटलं कुणीतरी वयस्क असंल."

"होईन की," निशा म्हणाली.

पुढच्या रविवारी निशा आणि आदिती एसटीनं कागलला उतरल्या, तिथनं माणसं भरली की सुटणाऱ्या वडापच्या जीपनं गावात. अक्काताईच्या घरी पुढच्या सोप्यात पंधरा-वीस बायका आधीच बसल्या होत्या आणि खोलीला दार एक असावं की दोन यावर भांडण पेटलेलं होतं. एक म्हणे, दुसरं दार नसलं तर मागच्या गल्लीतल्या आमी गावाला वळसा घालून यायचं काय. दुसरी म्हणे, दोन दारं केली तर चोराचीच सोय.

अक्काताईनं चहाचे कप पुढं केले. "बघा बाई, असं हाय. आता तुमीच काय ते सांगा."

चहाचा घोट घेऊन निशा मागच्या गल्लीतल्या, पदर खोचून तावातावानं बोलणाऱ्या बाईकडं वळली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही घरातनं निघता तिथनं चालत जाऊया चला. रस्त्यात सांगा."

बायका उठल्या. सगळ्याच उठल्या. पुढं ती खोली उन्हाळ्याच्या आत उभी राहिली, दोन दारांची.