इंग्रिडची प्रायव्हसी

आमच्याकडे स्वीडनहून आलेली पाहुणी पहिल्याच दिवशी बॅग भरून परत निघाली, याचं संपूर्ण श्रेय मला जातं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशकात बी.ए. करत होते, त्यात विषय इंग्रजी, त्यामुळे परदेशी माणसांच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. (तोवर परदेशी माणूस मी एकदाच, रामकुंडावर, तोही पाठमोरा पाहिला होता!) विद्यार्थी-अदलाबदलीच्या कुठल्याशा योजनेतून इंग्रिड वर्षभर आमच्याकडे राहणार असं ठरलं, तेव्हा मी सगळ्यांना समोर बसवून बजावलं, "त्या लोकांना प्रायव्हसी लागते."

"कुठे मिळते? मेन रोडला?" आईनं विचारलं.

"मिळत नाही, आई, द्यावी लागते! टक लावून बघायचं नाही. घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, लग्न ठरलंय का, काही म्हणजे काही विचारायचं नाही."

"मग पाहुणीशी बोलायचं तरी काय?" बाबा म्हणाले.

"काहीच नाही!"

आमचं घर दोन खोल्यांचं, मधे नुसता पडदा. पडद्यात प्रायव्हसी राहत नाही, असा निकाल मी दिला. म्हणून इंग्रिडला घरात बसवून, पाण्याचा तांब्या ठेवून, आम्ही सगळे शेजारच्या गायकवाड काकूंकडे राहायला गेलो. कॉलनीतली पोरं खिडकीला लटकायला आली होती, त्यांनाही मी हाकलून लावलं. सटाण्याहून बाबांचे मोठे भाऊ, आप्पाकाका, मुद्दाम तिला बघायला आले होते.

"पोर कोठे शे?" पायरीवरूनच त्यांनी विचारलं.

"आत आहे. पण भेटायचं नाही."

"का? आजारी शे का?"

त्यांनाही मी काकूंकडेच बसवलं. ते माझ्याकडे बघत सुपारी कातरत राहिले.

दुपारी जेवणाचा प्रश्न आला. मी तोही सोडवला! आईनं काकूंच्या स्टोव्हवर पोळ्या, बटाट्याची भाजी, शिरा केला. ताट आमच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवलं, कडी वाजवली आणि माझ्या सूचनेप्रमाणे पळाली. माझी आई! अंगाने भरलेली, नऊवारीतली, दोन्ही हातांनी निऱ्या धरून पळत होती. इंग्रिडनं दार उघडलं. ताट होतं, माणूस नव्हतं. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि ताट घेऊन आत गेली.

मग बाबांना चष्मा आठवला. ते आपल्याच घरात मागच्या दारानं, चपला हातात घेऊन शिरले. इंग्रिड ताटासमोर नुसतीच बसली होती. त्यांना बघून ती इतकी आनंदानं उठली, की बाबा गडबडले. "सॉरी! सॉरी!" म्हणत ते चष्म्याऐवजी आणखी एक अडकित्ता घेऊन आले.

"रडत होती गं ती," बाबा म्हणाले.

"ती तिची प्रायव्हसी आहे," मी म्हणाले.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि इंग्रिड बॅग घेऊन बाहेर आली. डोळे लाल, नाक लाल. काकूंच्या ओट्यावर बसलेले आम्ही सगळे तिला दिसलो. हळूहळू इंग्रजीत तिनं विचारलं, "माझं काय चुकलं? तुमच्या हसण्याचा आवाज येत होता. मी आल्यामुळे तुम्ही घर का सोडलं?"

आता बोलायची पाळी इंग्रजीवालीची! मी आईच्या पाठीमागे सरकले. एवढ्या लांबून आलेली मुलगी, आणि तिला आम्ही घरभर एकटेपणा वाढून ठेवला होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आप्पाकाकांनी अडकित्ता खाली ठेवला. सरळ जाऊन तिच्या हातातली बॅग घेतली. "जेवनी का वं माय?"

तिला अर्थ कळला नसावा. पण तिनं मान हलवली, नाही म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मग आईला कोण आवरणार? तिनं इंग्रिडला पोटाशी धरलं, काकूंनी पाठीवरून हात फिरवला, आणि शिरा गरम होईपर्यंत घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, लग्न ठरलंय का, सगळं विचारून झालं. भाषांतर मीच केलं.

वर्षभर ती राहिली. त्यात आंघोळ सोडून एकदाही तिला कुणी एकटं सोडलं नाही.

ती परत गेली त्या दिवशी स्टेशनवरून आल्यावर बाकीचे काकूंकडे चहाला गेले. मी घरी येऊन दार लावून घेतलं. दोन खोल्या, मधे पडदा आणि मी. घर इतकं मोठं आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कुणीतरी यावं, काहीतरी विचारावं, असं फार वाटत होतं.

कडी वाजली. मी डोळे पुसत धावत जाऊन दार उघडलं.

स्टुलावर शिऱ्याची बशी होती, आणि पलीकडे आई, दोन्ही हातांनी निऱ्या धरून, पळत होती.