आत्याची साक्ष

आत्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका गादीवर. गादी नवी कोरी होती, वरचं प्लास्टिक अर्धवट काढलेलं. ती काठावर बसून कॅमेऱ्याला सांगत होती की पाठदुखीमुळे अंथरूण म्हणजे तिला शिक्षा वाटायची आणि आता ती सकाळी कण्हत उठत नाही. मग ती जरा थांबली. म्हणाली, "फक्त पहिले काही दिवस रबराचा वास येतो. खिडकी उघडी ठेवायची."

ते शेवटचं मी लिहिलं नव्हतं.

साहित्याची पदवी घेऊन मी त्या जाहिरातीच्या ऑफिसात लागले होते. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. एकीत चित्रीकरण, दुसरीत मालक, मी आणि चहाची किटली. समाधानी ग्राहकांची मनोगतं लिहायचं काम माझ्याकडे होतं. ग्राहक नंतर शोधले जात. आत्या मालकाची सख्खी आत्या, म्हणून खालच्या टायरवाल्यासकट सगळ्यांचीच आत्या. एकदा ठरलेली नटी आली नाही. आत्या भाच्याला डबा द्यायला आली होती. तो म्हणाला, आत्या, दोन वाक्यं बोल गं. तेव्हापासून डबा बाहेरून येऊ लागला आणि आत्या कॅमेऱ्यासमोर बसू लागली.

वासाचं वाक्य ऐकून गादीवाला भडकला. मालाला नावं ठेवायला आम्ही जाहिरात करतो का, म्हणाला. भाच्याने वाक्य तसंच ठेवलं. गाद्या हातोहात खपल्या. पुढच्या वेळी गादीवालाच विचारत आला, त्या वासवाल्या बाई आहेत का?

मी आत्याला विचारलं, हे सुचलं कसं.

"नुसतं गोड बोललं की माणूस सावध होतो," ती म्हणाली. "जरा खोट दाखवली की त्याला वाटतं, ही आपल्यातली. मग मोठी थाप तो आपल्याच हाताने उचलून घरी नेतो."

तिने बिस्किटाचा पुडा पुढे केला.

तिचा चेहराच तसा होता. रुंद, शांत, थोडा दमलेला. आपण चूक केली तर ही रागावणार नाही, असं वाटायला लावणारा. एका आठवड्यात तिने पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची जाहिरात केली. आमच्या नळाला गढूळ पाणी येतं, पोरं आजारी पडतात, असं सांगितलं. त्याच आठवड्यात निवडणुकीच्या सभेत ती व्यासपीठावर चढली आणि म्हणाली, या साहेबांमुळे नळाला स्वच्छ पाणी आलं, फक्त सकाळी दाब थोडा कमी असतो. नळ तोच. तिच्या स्वयंपाकघरातला.

"कोणाच्या लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"माझ्या आलं," ती म्हणाली. "मी पाणी उकळून पिते."

दुसऱ्याचे दावे मात्र ती सोलून काढायची. दुपारी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडायची आणि जाहिराती मोठ्याने वाचायची. हजारोंना फायदा झाला? बरं, ज्यांना नाही झाला ते कुठे जाऊन बसले? आजच ठरवा, उद्या संधी नाही? माल चांगला असेल तर उद्या नासणार आहे का? पुढाऱ्याने भाषणात इतिहास काढला की ती म्हणायची, याला पुढचं काही सांगायचं नाही. धर्माच्या जाहिरातींकडे ती वळायची नाही. पान उलटायची.

हे सगळं ती का करते, ते मी एकदाच विचारलं. भाच्याकडून मिळायचं ते तिला पुरत होतं, पण ते कारण नव्हतं.

"घरात माझं कोणी ऐकत नाही," ती म्हणाली. "मीठ कमी आहे म्हटलं तरी आधी चाखून बघतात. इथे मी बोलले की लोक माना डोलावतात."

मग गुरुजींचं काम आलं. एक जुनं सिनेमागृह होतं. पडदा काढून तिथे प्रार्थनेचं सभागृह केलं होतं. गुरुजी हात ठेवून आजार घालवतात, असं म्हणत. दर रविवारी बरे झालेले लोक पुढे येऊन अनुभव सांगत. आयोजकांना एक विश्वासाची बाई हवी होती. आत्याचे गुडघे खरोखरच दुखायचे. तिसऱ्या मजल्यावर राहायची, मधल्या वळणावर पिशवी ठेवून बसायची. त्यामुळे फार काही बनवावं लागलं नाही. ती मंचाच्या पायऱ्या काठी न घेता चढली. म्हणाली, गुरुजींनी हात ठेवला आणि दुखणं गेलं, फक्त थंडीत अजून जरासं कुरकुरतं. सगळं सभागृह उभं राहिलं. तो व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर शहरभर फिरला.

मी तिला म्हटलं, गादीचं एक वेळ ठीक आहे.

"तिथे बायका रडतात गं," ती म्हणाली. "बरं वाटतं त्यांना. गादी बघून कोण रडतं?" असं म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

धाकटी ऑफिसात आली ती एका दुपारी. आत्याची धाकटी बहीण, एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात कामाला. लहानपणापासून तिला फिट यायच्या. गोळ्यांनी बरीच वर्षं आल्या नव्हत्या, पण गोळ्यांनी तिला सुस्ती यायची, बोटं जड व्हायची. म्हणून तिला चादरींच्या घड्या घालायला बसवलं होतं. खरं काम रोलरवर. वाफेने तापलेले दोन मोठे रोलर, ओली चादर एका बाजूने सरकवायची, दुसऱ्या बाजूने कोरडी कडक निघते. ते काम हुशार बायकांचं समजत.

धाकटी हसतच आली. खुर्ची ओढली. म्हणाली, "ताई, मला रोलरवर घेतलं."

आत्याला आनंद झाला. मग तिने विचारलं, कसं काय?

गोळ्या बंद केल्यात, धाकटी म्हणाली. महिना होत आला. ती दर रविवारी सभागृहात जात होती. तिथल्या बायकांनी सांगितलं होतं, एका वेळी एकावरच श्रद्धा ठेवावी, गोळीवर नाहीतर गुरुजींवर. सुस्ती गेली. डोकं हलकं झालं. मुकादम स्वतःहून म्हणाला, चल रोलरवर.

"आणि फिट?" आत्याने विचारलं.

"आली नाही. तुझा गुडघा बरा होतो, मग माझं का नाही होणार?"

आत्याने कप खाली ठेवला. मालक आतल्या खोलीतून बाहेर आला आणि दारातच थांबला. तापलेल्या रोलरपाशी फिट आली तर काय होईल, ते कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

आत्या म्हणाली, मी खोटं बोलले होते. सरळ म्हणाली, आढेवेढे न घेता. मला त्या कामासाठी बोलावलं होतं. माझे गुडघे आजही दुखतात. गादीचं खोटं, पाण्याचं खोटं, तेही खोटं.

धाकटी तिच्याकडे कौतुकाने बघत राहिली. आजारी माणूस काळजी करणाऱ्याकडे बघतो तशी.

"तू घाबरतेस," ती म्हणाली. "आईसारखी. तिने मला सायकल शिकू दिली नाही."

"अगं, मी खोटं बोलले म्हणते ना."

"तुला खोटंच बोलायचं असतं, ताई, तर थंडीत कुरकुरतं हे कशाला सांगितलं असतंस? त्यावरूनच तर मला पटलं."

आत्याला तिच्या सगळ्या कारागिरीचा इतका चोख पुरावा कधी मिळाला नव्हता. मालकाने मध्ये पडून साक्ष दिली, की आत्याला त्यानेच पाठवलं होतं. धाकटी म्हणाली, तू जाहिरातवाला, तुझ्या जिभेला हाड नाही. मी माझ्या फोनवर आलेले आयोजकांचे निरोप दाखवले. ती म्हणाली, बोलायला बोलावतातच की. लग्नात भाषण करणाऱ्याला नाही का बोलावत? म्हणून लग्न खोटं होतं?

ती गेली. तिची पाळी संध्याकाळी होती, रोलरवर.

आत्याने धुलाईघराच्या मुकादमाला फोन केला आणि बहिणीला घड्यांवरच ठेवा म्हणून सांगितलं. मुकादमाने ऐकलं, कारण काही झालं तर त्याच्या अंगाशी आलं असतं. पण धाकटीला ते कळलं आणि तिने आत्याचे फोन घेणं बंद केलं. माझं रोलरचं काम तू घालवलंस, एवढाच निरोप आला. गोळ्या बंदच होत्या. आता ती रागाने बंद ठेवत होती. जिन्यात, रस्त्यात, चुलीपाशी, फिट कुठेही येऊ शकत होती.

आत्या दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसली नाही. मग मला म्हणाली, रविवारी माझ्याबरोबर चल.

वाटेत मी विचारलं, मंचावरून सगळं कबूल करणार का?

"कबूल करून काय होणार? माझं ऐकून झालंय तिचं," ती म्हणाली. "दावा गुरुजींचा आहे. त्यांनाच विचारायला हवं."

सभागृह भरलेलं होतं. जुन्या सिनेमाच्या खुर्च्या, काहींचे स्प्रिंग वर आलेले. धाकटी दुसऱ्या रांगेत. तिने आम्हाला पाहिलं आणि मान फिरवली. अनुभव सांगायची वेळ झाली. आयोजकाने आत्याला ओळखलं, हसून माइक दिला. ती पायऱ्या चढली. या वेळी काठी घेऊन. एकेक पायरी.

गुरुजी जवळून पाहिले तर साधेच होते. सर्दी झालेली, हातात रुमाल. त्यांनी तिला नमस्कार केला.

आत्याने काहीच सांगितलं नाही. तिने विचारलं. माझ्या बहिणीला फिट येतात, ती गोळ्या घेते, तिने त्या बंद कराव्यात का?

गुरुजी म्हणाले, श्रद्धेने सगळं होतं. माना डोलल्या.

"म्हणजे बंद कराव्यात?"

औषधाचं ज्याने त्याने डॉक्टरांना विचारावं, गुरुजी म्हणाले. मी कधीच कोणाला गोळ्या सोडायला सांगितलेलं नाही.

"मग इथल्या बायका सांगतात ते?"

ते हसले. लोक प्रेमाने बोलतात, म्हणाले.

आत्या त्यांच्याजवळ सरकली. आवाज न चढवता बोलली. "ती तापलेल्या यंत्राशी काम करते. तुम्ही एवढंच म्हणा: गोळी सोड, काही झालं तर माझ्यावर. सगळे ऐकताहेत. म्हणा, मी खाली उतरते."

गुरुजींनी माइकवर हात ठेवला. पण दुसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलंच.

"बाई, असं कोणी अंगावर घेतं का?"

आत्या सभागृहाकडे वळली आणि म्हणाली, माझे गुडघे बरे झाले नव्हते, मी खोटं सांगितलं होतं. कोणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मागून एक बाई म्हणाली, हिला कोणीतरी फूस लावलीय. दुसरी म्हणाली, श्रद्धा सुटली की दुखणं परत येतंच. तिला हाताला धरून खाली उतरवलं. ती उतरली. मी धाकटीकडे बघत होते. ती गुरुजींकडे बघत होती. ते रुमालाने नाक पुसून पुढच्या माणसाला बोलावत होते.

बाहेर तिकीट खिडकीपाशी आम्ही थांबलो. धाकटी आली.

"त्यांनी नाही म्हटलं," ती म्हणाली. "साधं हो म्हणायचं होतं."

आत्याने मान हलवली.

"गोळी घेतली की मी बधिर होते, ताई. तुम्ही सगळे म्हणता, घे. बधिर मी होते."

मला वाटलं, आता आत्या धीर देणारं काहीतरी बोलेल, तिला ते सहज जमतं. ती म्हणाली, मला माहीत नाही ते कसं असतं. चल, डॉक्टरला विचारू, दुसरी गोळी आहे का. असेलच असं मी म्हणत नाही.

सोमवारी दवाखान्यात आम्ही तिघी बाकावर बसलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत. गोळ्या कधीपासून बंद, त्यांनी विचारलं. धाकटीने सांगितलं. कोणाच्या सांगण्यावरून?

"कोणाच्याच नाही," धाकटी म्हणाली. "माझंच मी ठरवलं."

तिने आत्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. तो रुंद, शांत चेहरा एकदम म्हातारा झाला होता.

"ती मला वाचवतेय," आत्या म्हणाली. "माझ्या सांगण्यावरून."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून दोघींकडे पाहिलं. कोण खरं बोलतंय हे ठरवायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी सांगितलं, दुसरी गोळी आहे, सुस्ती कमी येते म्हणतात, सगळ्यांना मानवते असं नाही, थोडी थोडी वाढवायची, आणि तोपर्यंत यंत्रापाशी जायचं नाही.

"मानवली नाही तर?" धाकटीने विचारलं.

"तर परत या. तिसरी बघू."

धाकटीने चिठ्ठी घेतली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, या डॉक्टरीणबाईने कशाचीच हमी दिली नाही. मग चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि औषधाच्या दुकानाकडे निघाली. आत्या काठी टेकत तिच्या मागून, थोडं अंतर ठेवून.