तळ्यातल्या चार चाकोऱ्या

गाडी सरळ चालते का तिरकी, हे बघायला आमच्या धाराशिवच्या गॅरेजमध्ये एकच यंत्र होतं, सुतळी. दोन्ही बाजूंनी चाकांच्या उंचीवर सुतळी ताणायची, ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूनं खुणा करायच्या आणि गुडघ्यांवर बसून मापं घ्यायची. आता पोरं पडद्यावर आकडे बघून सांगतात. सांगू द्या बापडी. सुतळी खोटं बोलत नाही, असं आमचे उस्ताद म्हणायचे. माझ्याशी मात्र ती सलग सहा दिवस खोटं बोलली.

ती गाडी विलायती होती. दोन माणसांची, बुटकी, वर टप नसलेली, नुसती पळायसाठी जन्मलेली. हैदराबादेत कुणा जहागीरदाराच्या तबेल्यात सडत होती, तिथनं आमच्या गावातल्या एका वकीलसाहेबांच्या मुलानं ती आणली. मुलगा माझ्याच वयाचा, तिशीच्या आतला. एका नव्या सहकारी साखर कारखान्यात नोकरीला होता आणि गावोगाव हिंडून लोकांना सभासद करायचा. प्यायला पाणी नाही आणि हे साहेब ऊस लावायला सांगतायत, अशी आम्ही त्याची टिंगल करायचो. तोही आमच्याबरोबर हसायचा.

विलायती गाडीचे सुटे भाग आणणार कुठनं? उस्तादनी तिचं मागचं सगळं काढून टाकलं आणि मोडीतल्या एका जीपचा धुरा, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, कापून तिच्या मापाचा केला. त्याच्यावर जीपचेच कमानीचे पाटे, म्हणजे धुरा जागेवर धरणाऱ्या आणि धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बसवले. महिनाभर खपले त्यात. गाडी वाऱ्यासारखी चालायला लागली तेव्हा उस्ताद रस्त्याकडेला उभे राहून नुसते बघत होते.

बहात्तरच्या दुष्काळात ती गाडी तुळजापूरच्या घाटात एका वळणावर रस्ता सोडून गेली. मागनं येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं सांगितलं की, ब्रेकचा दिवा लागला आणि गाडी मागनं कुणी ढकलल्यागत डावीकडं फिरली. मुलगा बाहेर फेकला गेला तो दगडावरच. गाडीच्या मडगार्डाला नुसता पोचा पडला होता. हे मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. एवढं होऊन ती गाडी जवळपास धडधाकट होती.

गावात लगेच दोन बाजू झाल्या. कुणी म्हणे, पोरगं लई पळवत होतं. कुणी म्हणे, जीपची हाडं विलायती गाडीला लावल्यावर दुसरं काय व्हायचं. दुसरं बोलणं चिकटलं. गिऱ्हाइकं दुसरीकडं वळायला लागली. उस्ताद गॅरेजमध्ये यायचे बंद झाले, घरच्या ओट्यावर बाज टाकून बसू लागले. ज्या माणसानं मला, आमच्या वस्तीतल्या पोराला, कुणी हातात पाना द्यायला तयार नसताना शेजारी बसवून शिकवलं, त्याला असं बसलेलं बघून माझा जीव जळायचा.

तेराव्यानंतर वकीलसाहेब स्वतः गॅरेजमध्ये आले. गाडी त्यांच्या गड्यांनी आधीच आणून ठेवली होती.

"मागचं काही बदलायचं नाही," ते म्हणाले. "फक्त बघायचं. आठ दिवसांनी मी येतो. गाडी सरळ चालली, तर चूक माझ्या मुलाची. तसं मी चारचौघांत सांगेन. तिरकी चालली, तर तुझ्या उस्तादनं त्याला मारलं, तेही मी चारचौघांत सांगेन."

मी मान हलवली. उस्तादांच्या कामावर माझा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी सुतळी ताणली. मापं चारचारदा घेतली. धुरा काटकोनात, दोन्ही चाकं जिथल्या तिथं, दाभणाइतकाही फरक नाही. मी ओट्यावर जाऊन उस्तादना सांगितलं. ते म्हणाले, "चलाके देखा क्या? चालवून बघ बेटा. उभी गाडी काय सांगणार?"

चालवायची तर कुठं? डांबरी रस्त्यावर चाकोरी उमटत नाही. म्हणून मी ती गावाबाहेरच्या तळ्यात नेली. तळं पार आटलं होतं. तळाचा गाळ वाळून, वर पिठासारखी बारीक धूळ बसून, कोसभर सपाट मैदान झालं होतं. तळं बांधताना तिथलं एक गाव उठवलं होतं, ते आता वर आलं होतं. घरांचे चौथरे, उंबरे, एक जातं, पाण्यात काळे पडलेले चिंचेचे बुंधे, आणि चावडीचा एक दगडी खांब. सकाळ-संध्याकाळ तिथं दुष्काळी कामावरच्या बाया गाळ उपसायच्या. भर दुपारी त्या बांधाच्या पलीकडं सावलीला जायच्या, तेवढा वेळ तळं मोकळं असायचं. तिथं वारा नव्हता, पाखरू नव्हतं. गाडीचं दार लावलं तर तो आवाज त्या उंबऱ्यांवरनं फिरून परत यायचा, कुणी घरात शिरून दार लावून घेतल्यासारखा.

मी चावडीच्या खांबावर नेम धरला आणि सरळ गाडी सोडली. खांबाजवळ थांबून मागं बघितलं.

गाडी सरळ चालली तर मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीतनं जातात. दोनच रेघा उमटतात. माझ्या मागं चार होत्या. दोन मी चालवलेल्या, आणि त्यांच्या डाव्या अंगाला चार बोटं सरकून आणखी दोन. पार टोकापर्यंत, एकसारख्या. आमच्या गल्लीतलं कुत्रं असं पळायचं, तोंड एकीकडं आणि धड दुसरीकडं. पण कुत्र्याचं बघून हसू यायचं. इथं माझ्या अंगावर काटा आला. पुढनं मी चालवतोय आणि मागनं दुसरंच कुणीतरी.

गाडी परत आणली, गॅरेजमध्ये लावली, सुतळी ताणली. मापं बरोबर.

सहा दिवस हेच चाललं. गॅरेजमध्ये बरोबर, तळ्यात चुकलेली. मी चाकं अदलाबदल करून बघितली, हवा मोजली. शेजारच्या सीटवर माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवून बघितलं, काढून बघितलं. चार रेघा काही हटेनात. मी गाडीला आईबहिणीवरनं शिव्या घालायला लागलो. मग भीती वाटायला लागली आणि शिव्याही बंद झाल्या. त्या सीटवर बसताना मी मनातल्या मनात त्या मुलाला म्हणायचो, बाबा, तुझं काय म्हणणं आहे ते एकदा सांग.

पाचव्या दिवशी दुपारी गाळाच्या कामावरली एक म्हातारी हंडा घेऊन खांबाजवळ आली. मी इंजिन बंद करून चाकोऱ्या बघत होतो.

"ते दुसरं कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"कोण दुसरं, आजी?"

"तुमच्या शेजारी बसलं व्हतं की. बांधावरनं बघत व्हते मी. उतरताना काय दिसलं न्हाय."

पोतं मी दोन दिवसांपूर्वीच काढलं होतं. मी गाडीत बसलो, शेजारी न बघता गावात आलो.

सहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं. आमच्या गॅरेजची एक रीत होती. गाडी कधी तोंड पुढं करून आत घ्यायची नाही. उलटी घ्यायची, रिव्हर्समध्ये, तोंड रस्त्याकडं. तोंडानं आत आलेली गाडी मुक्कामाला येते, असं उस्ताद म्हणायचे. ती बाहेर पडायचं नाव घेत नाही. आम्ही सगळे ते पाळायचो. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, खड्ड्यात गेली रीत. तशीच पुढच्या तोंडानं गॅरेजच्या चढत्या फरशीवर घातली, मागच्या चाकांमागं दगड सारले आणि सुतळी ताणली.

मागचं उजवं चाक बोटभर पुढं आलं होतं.

मी तिथंच फरशीवर बसलो. सहा दिवस मीच स्वतःला फसवत होतो. पुढं पळताना धुऱ्याची उजवी बाजू पुढं सरकत होती, आणि गॅरेजमध्ये उलटी घेताना आम्हीच ती मागं ढकलून जागेवर बसवत होतो. घाटात ब्रेक दाबल्यावर ती अशीच झटक्यात मागं गेली असणार आणि गाडीचं तोंड डावीकडं फिरलं असणार. एसटीचा ड्रायव्हर बरोबर बोलला होता.

खाली झोपलो आणि उजवा पाटा खोलला. पाट्याच्या पुढच्या टोकाला डोळा, म्हणजे गोल कडं असतं, त्यात रबराची पुंगळी, म्हणजे बुश, आणि त्यातनं बोल्ट. रबर पिळलेल्या फडक्यागत पीळ घेऊन फाटलं होतं आणि पाटा त्यात मागंपुढं सरकत होता. असं एकाच कारणानं होतं. तो बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जमिनीवर ठेवून, आत दोन माणसं बसवून. जॅकवर लटकत असताना आवळला, तर गाडी खाली येताना रबराला पीळ बसतो आणि खड्ड्याखड्ड्यानं ते फाटत जातं. हे उस्तादनी मला शंभरदा सांगितलं होतं. उस्ताद ते कधी विसरले नसते.

तो बोल्ट त्यांनी आवळलाच नव्हता. मी आवळला होता.

अपघाताच्या महिनाभर आधी पोरगं गाडी घेऊन आलं होतं. मागनं कुरकुर येते म्हणालं. मी तो बोल्ट काढून, साफ करून, परत घातला. तेवढ्यात वस्तीत पाण्याचा टँकर आल्याचं कुणी तरी ओरडलं. आमची वस्ती टँकरच्या वाटेत शेवटची, उशीर झाला की चिखल तेवढा राहायचा, आणि बायकोला आठवा महिना. पोरगं म्हणालं, "मी बसतो की आत, आणखी कुणाला बोलवू?" मी म्हणालो, "काही गरज न्हाय साहेब, तुम्ही चहा पिऊन या." आणि गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळून घागरी घ्यायला पळालो.

आठ दिवसांची मुदत संपत आली होती, सकाळी वकीलसाहेब येणार होते. मी नवं बुश आणि नवा बोल्ट बसवला. गाडी जमिनीवर ठेवली, दोन वाटसरूंना आत बसवलं आणि बोल्ट जसा आवळायचा तसा आवळला. काही बदलायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. ते माझ्या कानात होतं. तरी बदललं.

दुसऱ्या दिवशी तळ्यात पंधरा-वीस माणसं जमली. उस्तादनाही आणलं होतं. मी खांबावर नेम धरून गाडी सोडली. धुळीत दोनच रेघा उमटल्या. वकीलसाहेब त्या रेघांच्या कडेकडेनं, वाकून बघत, सगळं अंतर चालत आले. मग टोपी काढून सगळ्यांसमोर उस्तादना म्हणाले, "माझ्या मुलाची चूक होती. तुमच्यावर आळ घेतला, माफ करा."

उस्ताद त्यांच्याकडं बघत नव्हते. ते उजव्या चाकाच्या आत, पाट्याच्या टोकाकडं बघत होते. नव्या बोल्टाचं डोकं धुळीतही चमकत होतं. मला त्यांनी काहीच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. दिवाणखान्यात ते एकटेच बसले होते.

"तुझे उस्ताद काल येऊन गेले," ते म्हणाले. "म्हणाले, बोल्ट माझ्याच हातून चुकीचा आवळला गेला, नंतर गुपचूप दुरुस्त करवून घेतला. तुमच्या मुलाचा काही दोष नाही."



"मेलेल्या पोराच्या माथी दोष राहू नये म्हणून म्हातारा स्वतःवर घेतोय," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी बघितला नाही. पण मला खरं पाहिजे. गाडीला हात तू लावलायस. ते खोटं बोलतायत ना?"

एक शब्द बोलायचा होता. मी आज सत्तरी ओलांडलीय, ते दोघंही आता नाहीत, आणि अजून मला तो शब्द जिभेवर आलेला जाणवतो. माझी मला लाज वाटते, ती कुणाला सांगून कमी होत नाही.

"व्हय साहेब," मी म्हणालो. "खोटंच. गाडीत काहीच नव्हतं."

वकीलसाहेबांनी डोळे पुसले आणि आतल्या दाराच्या पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "ऐकलंस ना? आपलंच पोरगं चुकलं." पडद्याआड त्याची आई बसली होती.