आधी कॉपी दाखवा

दादूसने आयुष्यात कितीतरी कॉम्प्युटर पुसून नवे केले, पण पुसण्याचं शेवटचं बटण त्याने स्वतः कधी दाबलं नाही. पेनड्राइव्ह लावायचा, मशीन त्यावरून सुरू करायचं, भाषा, वेळ, कीबोर्ड सगळं मन लावून भरायचं, आणि पडद्यावर ‘ही डिस्क पूर्ण पुसली जाईल’ अशी सूचना आली की खुर्ची मागे सरकवून उभा राहायचा. “या, बसा. मशीन तुमचं हाय, बोट तुमचं पायजे.” मग घरातली आजी असो की शाळेचा शिपाई, ज्याचं मशीन त्यानेच एंटर दाबायचं. लग्नात अक्षता टाकायला बोलवावं तसं तो घरच्यांना गोळा करायचा. आम्हाला त्याची फार गंमत वाटायची.

दादूस हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आगरी-कोळ्यांत थोरल्या भावाला दादूस म्हणतात, आणि हा आमच्या अख्ख्या कामोठ्याचा थोरला भाऊ होऊन बसला होता. घर उरणकडच्या खाडीकाठच्या गावात. भाऊ होडीवर जायचे. हा बंदराजवळच्या एका गोदामात कंटेनरच्या नोंदी करायला लागला आणि तिथल्या भंगारात निघालेल्या मशीनवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून बघता बघता शिकला. कोणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणायचा, “बिगडवून शिकलो. भंगारातलंच होतं, कोन बोलनार?” पुढे नोकरी सोडली आणि स्कूटरवर फिरून पनवेल, कळंबोली, कामोठ्यातली म्हातारी मशीनं उठवायला लागला.

त्याच्याकडे एक प्लास्टिकचा डबा असे. त्यात सात-आठ पेनड्राइव्ह, आणि प्रत्येकाला जाळ्याच्या दोऱ्याची गाठ. एक गाठ म्हणजे अगदी जुन्या मशीनसाठीची हलकी सिस्टीम, दोन गाठी म्हणजे शाळांसाठीची, तीन म्हणजे बिघडलेलं तपासायची. चिठ्ठी का चिकटवत नाही, असं मी एकदा विचारलं. मला अशा चौकशा करायची सवय आहे, आणि उत्तर ऐकून घ्यायची फारशी नाही. “चिट्टी घामानं जाते साहेब, गाठ बोटाला कलते,” तो म्हणाला. आणि खरंच, डब्यात न बघता हात घालून हवा तो पेनड्राइव्ह काढायचा.

घाई त्याला खपत नसे. नवी सिस्टीम आधी पेनड्राइव्हवरूनच आठ दिवस चालवून बघायला लावायचा. पटली तर मशीनमध्ये टाकायची, नाही तर पेनड्राइव्ह काढायचा, तुमचं जुनं जसंच्या तसं. आणि टाकायचं ठरलं की एकच हट्ट: “आदी कॉपी दाखवा.” म्हणजे तुमच्या सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा आणि ती डिस्क माझ्यासमोर उघडून दाखवा. नुसतं ‘झाली’ म्हटलेलं चालत नसे. कळंबोलीच्या एका लोखंडवाल्या शेठने ‘तू टाक रे, मी सांगतोय ना’ म्हटलं, तेव्हा दादूस डबा उचलून चालता झाला होता. हे त्या शेठनेच मला कौतुकाने सांगितलं.

कॉपी काढताना तो घरोघर एकच गोष्ट समजावून सांगायचा. आपल्याकडे मशीन विकणारा माणूस डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून देतो आणि जाताना सांगतो, महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, सीला काही झालं तरी डी सुरक्षित. हे वाक्य आपण मंत्रासारखं जपतो. दादूस म्हणायचा, “सी न् डी मंजे येकाच घरातल्या दोन खोल्या. मी घर पाडून नवं बांदनार. मंग डी कुटं रानार?” मीही हे ऐकलं होतं. मान डोलावली होती.

आता आमच्याकडचं सांगतो, कारण त्यासाठीच लिहायला बसलोय. माझी बायको सुषमा घराच्या पुढच्या खोलीत आठवी ते दहावीचे विज्ञानाचे क्लास घेते. तिच्या कॉम्प्युटरमध्ये अकरा वर्षांचं काम होतं. स्वतः काढलेल्या आकृत्या, प्रश्नसंच, आणि तिचं सगळ्यात लाडकं म्हणजे मुलं कुठे कुठे चुकतात त्याच्या नोंदी. अमुक धड्यात मुलं भिंग आणि आरसा यांचे नियम का मिसळतात, असल्या. त्याचं पुस्तक करायचं तिच्या मनात होतं. मशीन रांगायला लागलं म्हणून तिने दादूसला बोलावलं. आठ दिवस तिने पेनड्राइव्हवर काम करून बघितलं आणि खूश झाली. दादूसही खूश होता, कारण पळस्प्याकडच्या एका शाळेत नवी लॅब करायची होती, टाकून दिलेल्या मशीनांची, आणि तिथल्या मुख्याध्यापिका सुषमाच्या ओळखीच्या. “बाई, तुमचं चांगलं चाललं की त्यांना दाखवायला आनू,” तो म्हणायचा. शाळेचं ते काम त्याला पैशांपेक्षा मानासाठी हवं होतं. गावातल्या पोरांना घेऊन यायचं, हे आपण उभं केलं म्हणून दाखवायचं, एवढं त्याने मला दोनदा सांगितलं होतं.

कॉपी काढायचं काम सुषमाने माझ्यावर सोपवलं. मी संध्याकाळी सुरू केलं. पडद्यावर अजून तीन तास असं आलं, मला तोवर जागायचा कंटाळा आला, आणि डिस्क ऑफिसची असल्याने सकाळी परत न्यायची होती. मी मध्येच थांबवून काढून घेतली. मनात म्हटलं, उरलेलं डीमध्ये आहेच.

दुसऱ्या दिवशी डिस्क ऑफिसच्या कपाटात ठेवून मी दुपारी घरी आलो. दादूस बसलेलाच होता. सुषमा आत मुलांना शिकवत होती.

“साहेब, आदी कॉपी दाखवा.”

“झालीय. डिस्क ऑफिसात राहिली.”

“मंग उद्या येतो.”

मला राग आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो. “दादूस, माझ्यावर विश्वास नाही का? मी काय लहान मूल आहे?”

लोखंडवाल्या शेठसमोरून उठून गेलेला माणूस माझ्यासमोरून उठला नाही. इतक्या वर्षांची ओळख आड आली. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि एंटर मी दाबलं.

नववी आणि दहावीचं सगळं गेलं. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी मी डिस्क आणली, दादूसने ती लावली, तर आत फक्त आठवीचा फोल्डर. सुषमाने तो बंद करून पुन्हा उघडून बघितला. ती म्हणाली, “कॉपी अर्धीच कशी?” आणि मी, हे लिहायलाच हवं, मी दादूसकडे वळून म्हणालो, “तुम्ही तपासली होतीत ना?”

त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं.

“तपासली व्हती बाई. माझीच नजर चुकली.”

पुढे तीन दिवस तो आमच्याकडे बसून होता. तीन गाठींचा पेनड्राइव्ह लावून पुसलेल्यातून काही निघतंय का बघत होता. नाव नसलेल्या फायली निघाल्या, अर्ध्या उघडेनात. एक आकृती पूर्ण निघाली तेव्हा लहान पोरासारखा ओरडला, “बाई, ह्यो बगा डोला!” मानवी डोळ्याची आकृती होती. सुषमा बघायलाही आली नाही. तिसऱ्या दिवशी तो निघताना ती दारात उभी राहिली आणि जे जे तोंडाला आलं ते सगळं बोलली. लोकांच्या घरात शिरून त्यांचं आयुष्य पुसून टाकता, तुमच्यासारख्यांना मशीनला हात लावू देऊ नये, असं. क्लासच्या पालकांच्या ग्रुपवरही तिने लिहिलं. मुख्याध्यापिकांनी शाळेचं काम दुसऱ्याला दिलं. दादूसने कोणालाही काही सांगितलं नाही. कामोठ्यातली त्याची कामं हळूहळू थांबली.

वर्षभराने पळस्प्याच्या नाक्यावर तो मला चहाच्या टपरीशी दिसला. वाळला होता. हसून म्हणाला, “बाई बऱ्या हायेत ना?” मी त्याला विचारलं, का सांगितलं नाहीत खरं.

“तुमाला त्या घरात रावाचं हाय साहेब,” तो म्हणाला. “मना काय, दुसऱ्या घरी जाता येतं.”

“मी सांगतो सुषमाला. आजच सांगतो.”

“सांगा. पन मना वाचवाला नका सांगू. तुमाला जड होत असंल तर सांगा.”

मी घरी गेलो आणि सांगितलं नाही. त्या दिवशी तिच्या क्लासच्या मुलांचा निकाल लागला होता आणि ती आनंदात होती. पुढे दुसरं काही निघालं, मग तिसरं. रोज न सांगायला कारण मिळतं, याची मला पूर्वी कल्पना नव्हती.

गेल्या पावसाळ्यानंतर दादूस गेला. कावीळ अंगावर काढली म्हणतात. ही बातमी सुषमानेच आणली, एका विद्यार्थ्याच्या आईकडून. चपला काढता काढता म्हणाली, “निष्काळजी होता, पण माणूस वाईट नव्हता हो.”

माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. अर्धी कॉपी, ऑफिसचं कपाट, माझा राग, ते तपासल्याचं विचारणं, नाक्यावरचा चहा. ती एका पायात चपल तशीच ठेवून ऐकत होती. मी थांबल्यावर तिने ती चपल काढून बाजूला ठेवली.

“त्या दिवशी मी त्यांना बोलत होते,” ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“दारातच. तुझ्या मागे उभा होतो.”

तिने पुढे काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.